कंपनी दुबईची, मालक पुण्यात: परदेशी कंपनी घरबसल्या चालवली तर कर कुठे भरावा लागतो?

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एखाद्या डेव्हलपरला स्वतःची अमेरिकी कंपनी काढायची असेल, तर आज विमानात बसावं लागत नाही. डेलावेअर किंवा वायोमिंग राज्यात ऑनलाइन अर्ज करून एलएलसी नोंदवता येते. दुबईतल्या फ्री झोनमध्ये कंपनी काढून देणारे एजंट समाजमाध्यमांवर रोज जाहिराती करतात. एस्टोनियाने तर २०१४ पासून ‘ई-रेसिडेन्सी’ नावाचं डिजिटल ओळखपत्रच द्यायला सुरुवात केली, ज्यावर जगात कुठेही बसून तिथली कंपनी चालवता येते.

या जाहिरातींमध्ये एक वाक्य हमखास असतं, ‘कंपनी परदेशी, म्हणून भारतात टॅक्स नाही.’ हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. त्यावर विसंबून राहिलेल्या माणसाला दुप्पट कर, १० लाखांचा दंड आणि गंभीर प्रकरणात तुरुंगवास इथपर्यंतची किंमत मोजावी लागू शकते.

परदेशात कंपनी काढणं बेकायदेशीर नाही. पण भारतात राहून ती चालवली, तर करांचं गणित कसं बदलतं हे समजून घ्यायला हवं.

मूळ प्रश्न काय आहे?

कायद्याच्या नजरेत कंपनी आणि तिचा मालक या दोन वेगळ्या ‘व्यक्ती’ आहेत. त्यामुळे प्रश्नही दोन आहेत. मालकाने भारतात कशाकशावर कर भरायचा? आणि त्या परदेशी कंपनीवर भारत कर लावू शकतो का?

पहिल्याचं उत्तर तुलनेने सोपं आहे. आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहणारी व्यक्ती ‘निवासी’ ठरते. वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेली व्यक्तीही सर्वसाधारणपणे निवासी ठरते. कायम भारतातच राहणाऱ्या माणसाला हे दिवस मोजण्याचीही गरज नाही. तो ‘सामान्य निवासी’ असतो आणि त्याच्या जगभरातल्या उत्पन्नावर भारतात कर लागतो. परदेशी कंपनीकडून मिळालेला पगार, संचालक म्हणून मिळालेलं मानधन, लाभांश, शेअर विकून झालेला नफा, हे सगळं त्यात आलं. पैसे भारतात आणले की परदेशातल्या खात्यातच ठेवले, याने फरक पडत नाही.

दुसरा प्रश्न, म्हणजे खुद्द कंपनीवर कर लागतो का, हा खरा गुंतागुंतीचा.

‘पीओईएम’ म्हणजे काय?

भारतात नोंदलेली कंपनी आपोआप भारताची निवासी असते. परदेशात नोंदलेल्या कंपनीसाठी पूर्वीचा नियम बराच सैल होता. तिचं नियंत्रण आणि व्यवस्थापन ‘संपूर्णपणे’ भारतात असेल, तरच ती निवासी ठरायची. वर्षातून एखादी बोर्ड मीटिंग सिंगापूरला घेतली की ‘संपूर्णपणे’ हा शब्द गळून पडायचा आणि कंपनी सुटायची.

२०१५ च्या वित्त कायद्याने हा नियम बदलला आणि २०१६-१७ या आर्थिक वर्षापासून नवी कसोटी लागू झाली. तिचं नाव ‘प्लेस ऑफ इफेक्टिव्ह मॅनेजमेंट’, म्हणजे परिणामकारक व्यवस्थापनाचं ठिकाण. संक्षेपात पीओईएम. कंपनीचा संपूर्ण व्यवसाय चालवण्यासाठी लागणारे महत्त्वाचे व्यवस्थापकीय आणि व्यापारी निर्णय प्रत्यक्षात जिथे घेतले जातात, ते हे ठिकाण. ते भारतात असेल, तर परदेशात नोंदलेली कंपनीसुद्धा त्या वर्षी भारताची निवासी ठरते आणि तिच्या जगभरातल्या नफ्यावर भारतात कर लागतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण ही कसोटी कायम राहिली.

व्याख्येत ‘प्रत्यक्षात’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. ठराव कागदावर दुबईत मंजूर झाला, पण निर्णय पुण्यात झाला असेल, तर पुणे मोजलं जातं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, म्हणजे सीबीडीटीने, २४ जानेवारी २०१७ च्या मार्गदर्शक परिपत्रकात हेच सांगितलं आहे. कंपनीचा खरा व्यवसाय भारताबाहेर असेल आणि बहुतेक बोर्ड मीटिंग बाहेर होत असतील, तर पीओईएम बाहेर आहे असं गृहीत धरलं जातं. पण बोर्ड नावापुरतं असेल आणि सूत्रं भारतात राहणाऱ्या माणसाकडे असतील, तर हा फायदा मिळत नाही.

‘खरा व्यवसाय भारताबाहेर’ हे ठरवण्याचे निकषही त्यात आहेत. व्याज, लाभांश, रॉयल्टी यांसारखं निष्क्रिय उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नको. भारतातली मालमत्ता, भारतातले कर्मचारी आणि त्यांच्यावरचा पगारखर्च, या तिन्हींचं प्रमाण ५० टक्क्यांपेक्षा कमी हवं. मालक, दोन डेव्हलपर आणि लॅपटॉप सगळेच पुण्यात असतील, तर ही परीक्षा पास होणं अशक्य आहे.

ही कल्पना भारताने काढली का?

नाही. तिची मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत. डी बिअर्स ही हिऱ्यांची कंपनी दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली होती, खाणी तिथेच होत्या, मुख्य कार्यालय किंबर्लीला होतं. पण बहुतेक संचालक लंडनमध्ये राहायचे आणि मोठे निर्णय तिथल्या बैठकांमध्ये व्हायचे. १९०६ मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ही कंपनी करासाठी ब्रिटनची निवासी ठरवली. कंपनीचं खरं नियंत्रण जिथे आहे तिथे कंपनी राहते, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झालं.

अलीकडचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. तिथल्या उच्च न्यायालयाने, म्हणजे त्या देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने, २०१६ मध्ये बायवॉटर इन्व्हेस्टमेंट्स प्रकरणात निकाल दिला. कंपन्या परदेशात नोंदलेल्या होत्या आणि संचालकही परदेशात होते. पण खरे निर्णय सिडनीतला एक माणूस घेत होता आणि संचालक फक्त सह्या करत होते. कंपन्या ऑस्ट्रेलियाच्या निवासी ठरल्या.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये मानसरोवर कमर्शियल प्रकरणात असाच विचार मांडला. इथे परदेशाऐवजी सिक्कीम होतं. १९९० पूर्वी केंद्राचा प्राप्तिकर कायदा सिक्कीमला लागू नव्हता. त्या काळात काही कंपन्या सिक्कीममध्ये नोंदल्या गेल्या, पण त्यांचा कारभार दिल्लीतून चालत असल्याचं तपासात दिसलं. नोंदणी कुठे झाली हे गौण आहे, प्रत्यक्ष नियंत्रण कुठून होतं ते पाहायचं, असं सांगत न्यायालयाने प्राप्तिकर खात्याच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण जुन्या ‘नियंत्रण आणि व्यवस्थापन’ कसोटीचं होतं. नवी कसोटी त्याहून कडक आहे.

लहान कंपन्यांना सूट आहे ना?

आहे, आणि ती महत्त्वाची आहे. सीबीडीटीच्या फेब्रुवारी २०१७ च्या परिपत्रकानुसार ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल किंवा एकूण प्राप्ती ५० कोटी रुपये किंवा त्याहून कमी आहे, तिला पीओईएमची कसोटी लावली जात नाही. एकट्या डेव्हलपरची एलएलसी किंवा छोटी दुबई कंपनी या मर्यादेच्या आतच असते.

एजंट नेमकं इथेच थांबतात. पण या सुटीचा अर्थ एवढाच की कंपनी ‘निवासी’ ठरत नाही. अनिवासी कंपनीनेही भारतातून कमावलेल्या नफ्यावर भारत कर लावतोच. भारतात तिचा ‘व्यावसायिक संबंध’ असेल, किंवा करसंधीच्या भाषेत ‘कायमस्वरूपी आस्थापना’ असेल, तर त्या आस्थापनेच्या वाट्याचा नफा इथे करपात्र होतो. कंपनीचं सगळं काम एका पुणेकराच्या घरातून होत असेल, करार तोच ठरवत असेल आणि ग्राहकांशी तोच बोलत असेल, तर ‘भारतात आमचं काहीच नाही’ हे कंपनीला पटवून देणं अवघड जातं.

या मुद्द्यावर न्यायालयं किती बारकाईने पाहतात, हे जुलै २०२५ मध्ये दिसलं. हयात इंटरनॅशनल साउथवेस्ट एशिया या दुबईस्थित कंपनीचं भारतात स्वतःचं कार्यालय नव्हतं. ती भारतातल्या हॉटेलांना दीर्घ मुदतीच्या करारांखाली धोरणात्मक देखरेखीची सेवा देत होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने तिची भारतात कायमस्वरूपी आस्थापना असल्याचं मान्य केलं. जागेवर कंपनीचा एकटीचा ताबा असायलाच हवा असं नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता.

आकड्यांत फरक किती पडतो?

समजा, एका डेव्हलपरला वर्षाला ४० लाख रुपये नफा होतो. तिच्यासमोर दोन मार्ग आहेत. दोन्हींसाठी नव्या करप्रणालीचे २०२५-२६ चे दर धरू.

पहिला मार्ग, भारतात स्वतःच्या नावाने व्यवसाय. ४० लाखांवर स्लॅबनुसार ७ लाख ८० हजार कर आणि ४ टक्के उपकर, म्हणजे सुमारे ८ लाख ११ हजार रुपये. तिचं काम व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित कर योजनेत बसत असेल, तर कर याहूनही कमी होऊ शकतो.

दुसरा मार्ग, परदेशी कंपनी. पुढे प्राप्तिकर खात्याने सगळा नफा भारतातल्या आस्थापनेचा ठरवला, असं धरू. परदेशी कंपनीसाठी भारतातला कराचा दर २०२४-२५ पासून ३५ टक्के आहे, आधी तो ४० टक्के होता. उपकरासह ३६.४ टक्के, म्हणजे १४ लाख ५६ हजार रुपये. उरलेले २५ लाख ४४ हजार तिने लाभांश म्हणून घेतले, तर त्यावर स्लॅबनुसार पुन्हा सुमारे ३ लाख ५७ हजार. एकूण १८ लाख १३ हजार.

तेच काम, तेच ग्राहक, तोच नफा, पण कर दुपटीहून जास्त. यात व्याज, दंड, एजंटची वार्षिक फी आणि परदेशातले अनुपालनाचे खर्च धरलेलेच नाहीत.

अमेरिका, दुबई, एस्टोनिया: कुठे काय अडतं?

अमेरिका: एकाच परदेशी मालकाच्या एलएलसीला तिथे सहसा स्वतंत्र करदाता मानत नाहीत. तिथे व्यवसाय चालवल्याचं ठरत नसेल, तर तिथला प्राप्तिकर शून्यही असू शकतो. पण माहिती देण्याची सक्ती असतेच. ५४७२ क्रमांकाचा फॉर्म वेळेत भरला नाही, तर दंड २५ हजार डॉलर आहे. शिवाय ज्या कंपनीवर तिथे करच लागत नाही, तिला भारत-अमेरिका करसंधीचा फायदा मिळेल याची खात्री नसते.

दुबई: ‘तिथे टॅक्सच नाही’ ही माहिती जुनी झाली. संयुक्त अरब अमिरातीत जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना कंपनी कर लागू झाला. ३ लाख ७५ हजार दिरहमवरच्या नफ्यावर ९ टक्के. फ्री झोनमधल्या कंपन्यांना शून्य दर मिळू शकतो, पण ठराविक उत्पन्नावर आणि अटी पाळल्या तरच.

एस्टोनिया: कंपनीने नफा वाटला नाही तोवर तिथे त्यावर कर लागत नाही, वाटल्यावर २२ टक्के लागतो. मात्र ई-रेसिडेन्सी म्हणजे कर-निवास नव्हे, हे खुद्द एस्टोनियाच सांगतो. मालक भारतात राहत असेल तर भारताचे नियम तसेच उभे राहतात.

परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट भारतात मिळू शकतं. त्यासाठी कर भरल्याचा पुरावा आणि ठरलेला फॉर्म लागतो. पण कंपनीने भरलेल्या कराचं क्रेडिट मालकाला त्याच्या लाभांशावर आपोआप मिळत नाही, कारण कायद्यासाठी ते दोघे वेगळे आहेत.

कर शून्य असला तरी काय जाहीर करावं लागतं?

बहुतेक लोक अडकतात ते इथे. सामान्य निवासी व्यक्तीला रिटर्नमधल्या ‘शेड्यूल एफए’ या तक्त्यात परदेशातली प्रत्येक मालमत्ता दाखवावी लागते. कंपनीतले शेअर, बँक खातं, इतकंच नाही तर ज्या खात्यावर फक्त सहीचा अधिकार आहे तेसुद्धा. कंपनी तोट्यात असली, खातं रिकामं असलं, किंवा आपलं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं, तरी ही सक्ती आहे. आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे सोपे फॉर्म अशा व्यक्तीला चालत नाहीत. या तक्त्यातली माहिती जानेवारी ते डिसेंबर या वर्षाची असते, एप्रिल ते मार्चची नाही. ही चूक वारंवार होते.

माहिती दिली नाही, तर १ जुलै २०१५ पासून लागू असलेला काळा पैसा कायदा पुढे येतो. फक्त माहिती न दिल्याबद्दल १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर वगळता परदेशी मालमत्तेचं एकूण मूल्य २० लाखांपर्यंत असेल, तर हा दंड लागत नाही.

ती मालमत्ता कुठल्या पैशातून आली हेच सांगता आलं नाही, तर प्रकरण आणखी गंभीर होतं. तिच्या मूल्यावर ३० टक्के कर आणि त्या कराच्या तिप्पट दंड. म्हणजे ५० लाखांच्या मालमत्तेवर १५ लाख कर आणि ४५ लाख दंड, एकूण ६० लाख. मालमत्तेपेक्षा देणं जास्त. शिवाय हा कर मालमत्ता खात्याच्या नजरेस आलेल्या वर्षात लागतो, त्यामुळे ‘जुनी गोष्ट आहे’ हा बचाव सहसा चालत नाही. जाणूनबुजून कर चुकवल्याचं सिद्ध झालं, तर ३ ते १० वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे.

पण खात्याला कळणार कसं?

भारत २०१७ पासून ‘कॉमन रिपोर्टिंग स्टँडर्ड’ या व्यवस्थेत माहितीची देवाणघेवाण करतो. संयुक्त अरब अमिराती आणि एस्टोनियाही त्यात आहेत. अमेरिका या व्यवस्थेत नाही, पण तिच्याशी भारताचा ‘फॅटका’ करार २०१५ पासून आहे. परदेशी बँक खातं उघडताना पॅन आणि भारताचा पत्ता मागते, तो याचसाठी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सीबीडीटीने याच माहितीच्या आधारे करदात्यांना संदेश पाठवले आणि रिटर्न दुरुस्त करायची संधी दिली. त्यानंतर २४,६७८ करदात्यांनी रिटर्न पुन्हा तपासून सुमारे २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता जाहीर केली.

फेमाचं काय?

परदेशात कंपनी काढणं हा करापुरता विषय नाही. परदेशी कंपनीत पैसे घालणं ही परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, म्हणजे फेमाखाली, ‘परदेशी गुंतवणूक’ आहे. तिला ऑगस्ट २०२२ चे नियम लागू होतात. निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात सर्व कारणांसाठी मिळून २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्याआधी बँकेमार्फत फॉर्म भरून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल द्यावा लागतो. लाभांशासारखं येणं देय झाल्यापासून ९० दिवसांत भारतात आणावं लागतं. एजंटला क्रेडिट कार्डाने पैसे देऊन ‘पाच मिनिटांत’ काढलेल्या कंपनीत यातलं बहुतेक काही झालेलं नसतं. उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट इतका दंड होऊ शकतो.

मालकाची भारतातही फर्म असेल आणि ती स्वतःच्याच परदेशी कंपनीला बिल लावत असेल, तर आणखी एक नियम लागतो. हा व्यवहार अनोळखी ग्राहकाशी केला असता त्याच भावाने व्हायला हवा आणि सीएचा अहवाल रकमेची कुठलीही किमान मर्यादा न ठेवता द्यावा लागतो.

परदेशातून परतणाऱ्यांनी काय पाहावं?

आखातात किंवा अमेरिकेत कंपनी उभी करून आई-वडिलांसाठी गावी परतणारे मराठी लोक कमी नाहीत. आधीच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असलेली, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिलेली व्यक्ती, परतल्यावर काही काळ ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ या गटात राहते. या काळात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा भारतात कर लागत नाही आणि शेड्यूल एफएही भरावं लागत नाही.

पण याला दोन अपवाद आहेत. भारतातून नियंत्रित केलेल्या व्यवसायाचं उत्पन्न करपात्र आहे. आणि भारतात बसून केलेल्या कामाचा पगार, तो दुबईच्या खात्यात जमा झाला तरी, भारतात कमावलेलाच धरला जातो. दिवस बदलतात तसा दर्जाही बदलतो, म्हणून परतण्याची तारीख ठरवण्याआधीच हिशोब करणं शहाणपणाचं.

मग परदेशी कंपनी काढूच नये का?

काही वेळा ती खरोखर गरजेची असते. गुंतवणूकदार अमेरिकी कंपनीचाच आग्रह धरतात, ग्राहकाला स्थानिक कंपनीशीच करार हवा असतो, किंवा तिथे प्रत्यक्ष माणसं आणि कार्यालय असतं. अशा वेळी चार गोष्टी आधी व्हायला हव्यात. फेमाची प्रक्रिया पैसे पाठवण्यापूर्वी पूर्ण करणं. निर्णय कोण, कुठे घेतं याची खरी नोंद ठेवणं. भारतात होणाऱ्या कामाचा योग्य मोबदला भारतातच दाखवून त्यावर कर भरणं. आणि दरवर्षी शेड्यूल एफए भरणं.

आधीच कंपनी काढली असेल आणि ती दाखवली नसेल, तर नोटीस येण्याची वाट पाहू नये. मुदत असेल तर सुधारित रिटर्न भरता येतं. ती उलटली असेल, तर आंतरराष्ट्रीय कर आणि फेमा दोन्ही हाताळणाऱ्या सीएकडे कागद घेऊन जाणं हाच मार्ग उरतो. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असल्याने त्यात नेमकी वाट कोणती, हे ते कागद पाहूनच ठरतं.

आणि एजंट ‘भारतात टॅक्स नाही’ म्हणाला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा. या कंपनीचे निर्णय कोण घेणार आणि कुठे बसून? उत्तर ‘तुम्हीच, इथूनच’ असं असेल, तर भारतात कर लागण्याची शक्यता गृहीत धरूनच पुढचं पाऊल टाकावं.